मँगो कॉब्लर करायला गेले आणि शिरा झाला: घरी कॉब्लर करताना या चुका टाळा

पहिल्यांदा कॉब्लर केला तेव्हा मे महिना होता, घरात हापूसची पेटी उघडलेली, त्यातले सात-आठ आंबे एकदम पिकलेले, वर नणंद मुलांना घेऊन पार्ल्याला राहायला आलेली, म्हणून म्हटलं आमरस तर रोजच होतोय, आज काहीतरी वेगळं करू. तासाभराने ओव्हनमधून जे बाहेर आलं ते सासूबाईंनी चमच्याने जरा हलवून बघितलं आणि म्हणाल्या, "शिरा छान झालाय गं, फक्त जरा सैल झालाय." सगळ्यांनी चाटूनपुसून संपवला ते सोडा, पण तो कॉब्लर नव्हता. त्यानंतर तीन-चार सीझन मी हा प्रकार करतेय आणि माझं म्हणणं असं आहे की कॉब्लर रेसिपीमुळे कमी बिघडतो, आपले हात गप्प बसत नाहीत म्हणून जास्त बिघडतो.

आधी हे काय असतं ते सांगते, कारण माझ्या एका मैत्रिणीने डिक्शनरी उघडली तर तिला अर्थ मिळाला मोची. हा अमेरिकेतला घरगुती गोड पदार्थ, फळं आणि त्यावर मैद्याचं जाडसर आवरण, खाली ॲपल पायसारखा बेस नाही, लाटणं नाही. एका प्रकारात घट्ट पिठाचे गोळे फळांवर ठेवतात आणि दुसऱ्यात सरळ पातळ बॅटर, म्हणजे दुधात कालवलेलं मैदा-साखरेचं पीठ, ओततात. मी दुसऱ्याबद्दल बोलतेय, कारण त्यात बीटर लागत नाही आणि अंडंही लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे चतुर्थीच्या आदल्या दिवशी केला तरी कोणी नाक मुरडत नाही.

माझं प्रमाण: आठ इंची चौकोनी काचेच्या भांड्याला साधारण ८५ ग्रॅम बटर, १ कप म्हणजे १२५ ग्रॅम मैदा, पाऊण कप साखर, दीड टीस्पून बेकिंग पावडर, १ कप दूध आणि २ कप फळांच्या फोडी. १८० डिग्रीला पाऊण तास, पाच मिनिटं इकडेतिकडे. कप म्हणजे २४० मिलीचा मेजरिंग कप, घरातली आमटीची वाटी नाही, दर घरात तिचा साइज वेगळा असतो. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका.

आता सगळ्यात मोठी चूक, माझीही तीच झाली होती. ढवळणं. भांड्यात बटर वितळलेलं असतं, त्यावर बॅटर ओतलं की बटर कडेने वर येतं, पिवळं तळं दिसतं, त्यावर आंब्याच्या फोडी बेटासारख्या, आणि ते सगळं इतकं चुकल्यासारखं दिसतं की हात शिवशिवतात, चमचा घ्यावा आणि एकजीव करावं असं वाटतं, आपल्याला लहानपणापासून सवयच आहे ना एकजीव करायची. नका करू! कडेला आलेल्या त्या बटरमध्येच बॅटरच्या कडा अक्षरशः तळल्या जातात, तो कुरकुरीत काठ तिथूनच येतो. आणि फळं वर ठेवली तरी बॅटर फुगताना त्यांच्या बाजूने वर चढतं, फोडी आपोआप खाली जातात. ढवळलंत की बटर पिठात मुरतं, आंब्याचा रसही पिठात मुरतो, फुगायला काही उरत नाही आणि मग सासूबाईंचा सैल शिरा तयार. क्रम एवढाच, बटर, त्यावर बॅटर, त्यावर फळ, आणि चमचा सिंकमध्ये.

यातलंच एक पोटकलम, दूध फ्रिजमधून काढून तसंच वापरू नका, गार बॅटर पडलं की बटर जागच्या जागी थिजतं आणि कुठे तेलकट, कुठे कोरडं असं होतं. आणि बॅटर भज्याच्या पिठासारखं फेटत बसू नका, मैदा जितका फेटाल तितका चिवट होतो. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत. बटरऐवजी तूप चालतं का असं बऱ्याच जणी विचारतात, चालतं, पण बटरमध्ये थोडं पाणी असतं आणि तूप म्हणजे नुसतं फॅट, म्हणून ते जरा कमी घ्या, ७० ग्रॅमच्या आसपास पुरतं. फक्त वास शिऱ्याचा येईल, आमच्याकडे तर तो विषय नकोच.

दुसरी मोठी चूक आंब्याची. पेटीतले जे अगदी लगदा झालेत, आता आजच संपवायला हवेत, ते कॉब्लरला घालायचे नाहीत, त्यांचा रस काढा आणि पोळीबरोबर खा. कॉब्लरला असा हापूस हवा की देठाजवळ दाबलं तर किंचित दबतो पण कापल्यावर फोड सुरीला चिकटत नाही, उभी राहते. पाऊण इंचाच्या फोडी, त्याहून बारीक केल्यात तर भाजताना विरघळतात. फोडींना दोन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस लावून वीस मिनिटं ठेवा, पिकलेला हापूस नुसता गोड असतो, लिंबाशिवाय ती चव सपाट लागते. त्या वीस मिनिटांत खाली बराच रस सुटतो आणि लोक तो रसही प्रेमाने वर ओततात. तो गाळून छोट्या कढईत निम्मा होईपर्यंत आटवा आणि खाताना वरून घाला.

फोडींना एक टेबलस्पून कॉर्नफ्लोर लावायचं. कॉर्नफ्लोर म्हणजे ते पांढरंशुभ्र, बोटांत चोळलं की कचकच करणारं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मक्याचं पिवळं पीठ लावलं होतं, भाकरीचं, आणि मग दोन दिवस मला विचारत होत्या की दाताखाली रवा का येतोय.

स्ट्रॉबेरीला आंब्यापेक्षा खूप जास्त पाणी सुटतं, जानेवारी-फेब्रुवारीत महाबळेश्वरची भरपूर येते तेव्हा करून बघा पण कॉर्नफ्लोर दीडपट घ्या. सफरचंदाचं उलटं, कच्ची घातली तर बॅटर भाजून होतं आणि फोड करकरीतच राहते, म्हणून पातळ काप करून आधी पाच-सात मिनिटं बटरवर परतून घ्या. फ्रोजन आंब्याच्या फोडी चालतात, पूर्ण वितळवून, निथळून. डब्यातला पल्प मात्र नको, त्यात साखर असतेच आणि तो पसरतो.

बेकिंग पावडर. मुंबईत पावसाळ्यात मीठसुद्धा ओलं होतं, तिथे ओट्याखालच्या कपाटात सहा महिने उघडा पडलेला बेकिंग पावडरचा डबा काय टिकणार! अर्धा कप गरम पाण्यात अर्धा चमचा टाका, लगेच जोरात फसफसलं तर ठीक, नुसते दोन बुडबुडे येऊन बसलं तर फेकून द्या. आणि पावडर संपली म्हणून तेवढाच खायचा सोडा घालणं हा तर घातच, दूध-मैद्याच्या या बॅटरमध्ये त्या सोड्याला पुरेल इतकं आंबट काही नसतं, मग साबणासारखी चव येते. मी एकदा जूनमध्ये जांभळांचा केला होता, बिया काढता काढता बोटं जांभळी झाली, आणि नेमका सोडा पडला, तर फळांच्या भोवतीचं बॅटर निळसर-हिरवट झालं. जांभळाचा रंग अल्कलीत बदलतो हे नंतर कळलं, त्या दिवशी मात्र वाटलं बुरशी आली.

ओटीजी, म्हणजे घरातला छोटा इलेक्ट्रिक ओव्हन, प्रीहीट न करता भांडं आत सरकवणं हेही फार बघितलंय. दहा-पंधरा मिनिटं १८० ला तापू द्या, त्यातच भांड्यात बटर ठेवलं तर ते वितळूनही होतं, फक्त लाल होण्याआधी बाहेर काढा. वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू हवेत, नॉब ग्रिलवर राहिला नाही ना ते बघा. नुसता वरचा रॉड लागला की वीस मिनिटांत वरून सोनेरी, फोटो काढावा असा, आणि आत कच्चं पीठ. मायक्रोवेव्ह असेल तर गरम हवेने भाजणारा कन्व्हेक्शन मोडच, आमच्या घरात एकदा "तू बस, मी लावतो" म्हणून नुसता मायक्रो लावला गेला, पांढराफटक रबर निघाला. नाव घेत नाही.

झालाय की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नका. टूथपिक मधोमध, फळात नाही तर आवरणात घाला, कोरडी यायला हवी. आणि कडेचा रस बघा. पाण्यासारखे भराभर बुडबुडे येत असतील तर अजून वेळ आहे, पिठलं शिजत आलं की कसं फट्... फट्... करत जाड बुडबुडे फुटतात तसं दिसलं की कॉर्नफ्लोर शिजलंय. वरून आधीच लाल झालं तर फॉइल सैलसर टाका. आणि दर पाच मिनिटांनी दार उघडू नका, काच आहे, त्यातून दिसतं! माझा ओटीजी नॉबवर दाखवतो त्यापेक्षा वीसेक डिग्री जास्त तापतो, हे क्रॉफर्ड मार्केटमधून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं.

भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, रस उतू जाऊन खाली जळला तर वन बीएचकेमध्ये रात्रभर वास राहतो. साधं ॲल्युमिनियमचं भांडं आंबट फळाला नको, धातूची चव उतरते. काचेचं भांडं फ्रिजमधून थेट गरम ओव्हनमध्ये नको, तडकतं.

बाहेर काढल्यावर किमान वीस मिनिटं हात लावायचा नाही, रस गार होतानाच घट्ट होतो, लगेच वाढलात तर बशीत सगळं धावतं. या वेळात आपण अजून एक चूक करतो, मुंग्या येतील म्हणून वर ताट झाकतो. आतली वाफ ताटाला लागून परत खाली टपकते आणि तो कमावलेला कुरकुरीत काठ दहा मिनिटांत ओला. परातीत पाणी घ्या, मधे वाटी उपडी ठेवा, तिच्यावर भांडं, वरून उघडं. फक्त आधी भांडं कोमट होऊ द्या, तापलेल्या काचेला पाणी लागलं तर तीही तडकते. उरलेला मात्र रात्री फ्रिजमध्येच, मे महिन्यात ओट्यावर राहिला तर सकाळी आंबूस वास येतो. परत गरम करताना ओटीजीत १६० ला दहा-बारा मिनिटं, स्टीलच्या ताटलीत काढून.

आणि बिघडलाच तर? मधे कच्चा असेल तर फॉइल लावून १७० ला अजून पंधरा मिनिटं. रस फारच पातळ राहिला तर कडेने चमच्याने काढून घ्या, कढईत उकळा, गार पाण्यात कालवलेलं एक चमचा कॉर्नफ्लोर घाला आणि घट्ट झालं की परत वर ओता. आणि माझ्यासारखं ढवळून बसलात, पूर्ण लगदाच झाला, तर थंड करा, ग्लासात एक थर त्याचा, एक थर व्हॅनिला आइस्क्रीमचा, वर भाजलेले काजू, आणि पाहुण्यांना कॉब्लर हा शब्दच सांगू नका.