लंडन–न्यूयॉर्क बिझनेस क्लास : परवडणारे तिकीट कसे शोधावे

मुलगी लंडनला आणि मुलगा न्यू जर्सीत, अशी घरे आता सोलापुरातही पुष्कळ आहेत. आई-वडील मुंबईहून लंडनला जातात, काही महिने मुलीकडे राहतात आणि मध्येच पंधरा-वीस दिवस मुलाकडे जाऊन येतात. माझ्या अक्काच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिचे लंडन–न्यूअर्क (न्यूयॉर्कजवळचा, न्यू जर्सीतील विमानतळ) असे जाण्यायेण्याचे तिकीट काढण्याचे काम माझ्याकडे आले. होटगी रोडवरच्या घरी रोज रात्री जेवणानंतर तासभर बसून जे शोधले आणि त्यातून जे समजले, ते येथे सांगत आहे.

बिझनेस क्लासमध्ये पैसे मुख्यतः आडवे पडता येईल अशा आसनाचे असतात, म्हणून आडवे पडण्याची गरज नेमकी कोणत्या प्रवासात आहे, हे सर्वांत आधी ठरवावे. लंडनहून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक विमाने दिवसा उडतात. प्रवास सुमारे आठ तासांचा असतो आणि घड्याळ बहुतेक काळ पाच तास मागे जात असल्यामुळे दुपारी निघालेला माणूस त्याच दिवशी संध्याकाळपूर्वी उतरतो. परतीची विमाने मात्र प्रामुख्याने रात्रीची असतात आणि सात तासांच्या आत-बाहेर लंडन येते, त्यामुळे जेवण आणि आवराआवर वजा जाता झोपेला जेमतेम चार तास मिळतात. सोलापूरकराला हा फरक लगेच उमगेल : वंदे भारतच्या एक्झिक्युटिव्ह डब्यातील खुर्ची दिवसा सुखाची असते, पण रात्री पाठ टेकायची तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा खालचा बर्थच लागतो. म्हणून जाताना प्रीमियम इकॉनॉमी (साध्या इकॉनॉमीपेक्षा ऐसपैस खुर्ची, पण आडवे न होणारी) आणि येताना बिझनेस, असे मिश्र तिकीट मी आधी पाहतो. त्यासाठी विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रत्येक दिशेचा वर्ग वेगळा निवडता येतो का ते पाहावे. तशी सोय नसेल तर ‘मल्टी-सिटी’ या पर्यायातून दोन्ही टप्पे स्वतंत्रपणे भरावेत. मात्र दोन एकेरी तिकिटे घेण्याची घाई करू नये, कारण जुन्या मोठ्या कंपन्यांचे एकेरी बिझनेस भाडे पुष्कळदा सवलतीच्या संपूर्ण परतीच्या भाड्यापेक्षाही जास्त निघते.

तारखांचा हिशेब इकॉनॉमीच्या बरोबर उलटा असतो, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. पुढच्या, म्हणजे बिझनेसच्या केबिनमधील पूर्ण भाडे प्रामुख्याने कंपन्यांच्या खर्चाने फिरणारे लोक भरतात. ऑगस्टमध्ये, नाताळच्या आठवड्यात आणि नोव्हेंबरातील थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या सुमारास हे लोक घरी असतात. मागे इकॉनॉमी खच्चून भरलेली असताना पुढच्या जागा रिकाम्या राहतात आणि भाडी उतरतात. याच कारणाने स्वस्त भाड्यांना बऱ्याच आधी आरक्षण करण्याची आणि मुक्कामात शनिवारची रात्र धरण्याची अट पुष्कळदा जोडलेली असते, कारण कामासाठी जाणारा माणूस शनिवारपर्यंत थांबत नाही. मुलाकडे वीस दिवस राहणाऱ्या आईला ही अट अजिबात जाचत नाही, म्हणून ती अडचण न मानता सवलत मानावी. गुगल फ्लाइट्स या भाडी शोधण्याच्या संकेतस्थळावर वर्ग ‘बिझनेस’ करून तारखांचे कॅलेंडर उघडले की महिनाभराचे चढउतार एका नजरेत दिसतात. तेथेच भावाची सूचना लावून ठेवावी आणि निदान तीन-चार आठवडे भाव पाहावेत. रोजचा भाव वहीत लिहिल्याने स्वस्त म्हणजे किती, याचा अंदाज मला आला.

तिकीट कोठून सुरू होते यावरही भाडे ठरते. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर लागतो. न्यूयॉर्कच्या अंतरासाठी १ एप्रिल २०२६ पासून तो इकॉनॉमीला १०२ पौंड आणि त्यावरच्या वर्गांना २४४ पौंड आहे, म्हणजे प्रीमियम इकॉनॉमीलाही बिझनेसइतकाच कर पडतो. आयर्लंडमध्ये असा कर नाही. शिवाय डब्लिनच्या विमानतळावरच अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी होते, त्यामुळे तिकडे उतरल्यावर म्हाताऱ्या माणसाला रांगेत तिष्ठावे लागत नाही. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून न्यूअर्कला जाणारी ला कंपनी ही विमानसेवा तर अवघ्या ७६ आसनांची आणि संपूर्ण बिझनेस क्लासची आहे. न्यू जर्सीतील एडिसनकडे जाणाऱ्यांना न्यूअर्क सोयीचे पडत असल्यामुळे तिचे भाव अवश्य पाहावेत. लंडनहूनच निघायचे असेल तर जेटब्लू या अमेरिकन कंपनीच्या मिंट वर्गाशी, म्हणजे तिच्या बिझनेस क्लासशी, तुलना करावी.

येथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा म्हणजे आयर्लंडचा किंवा शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांचा सामाईक) व्हिसा नव्हे. काही ब्रिटिश व्हिसांवर आयर्लंडमध्ये प्रवेश मिळतो, पण त्याला अटी असतात आणि त्या जाताना व परतताना अशा दोन्ही वेळी तपासून पाहाव्या लागतात. वेगवेगळ्या तिकिटांवर प्रवास असेल तर सामान घेण्यासाठी बहुधा इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडावेच लागते. तसेच डब्लिन–लंडन–न्यूयॉर्क असे तिकीट स्वस्त दिसले म्हणून लंडनलाच चढू असा विचार करू नये, कारण पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे आरक्षण रद्द होते.

भाडे पसंत पडल्यावर आसनांचा नकाशा उघडावा. एका रांगेत एक-दोन-एक अशी आसनांची रचना असेल तर प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येते. दोन-दोन-दोन असेल तर खिडकीकडच्या माणसाला रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागू शकतात, आणि मणक्याच्या रुग्णाला ते झेपत नाही. काही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंज किंवा आसन निवडण्याची सोय नसते, हेही वाचावे.

पैसे विमान कंपनीकडेच भरावेत. एका स्वस्त ऑनलाइन एजंटाकडून आधी काढलेल्या तिकिटाची वेळ बदलली, तेव्हा एजंट कंपनीकडे आणि कंपनी एजंटाकडे बोट दाखवत राहिली. त्यात माझे नऊ दिवस गेले. शिवाय अमेरिकेला जाणारे किंवा तेथून निघणारे तिकीट प्रवासाच्या निदान सात दिवस आधी थेट कंपनीकडे घेतले, तर चोवीस तासांत ते दंड न भरता रद्द करता येते किंवा तेवढा वेळ भाव राखून ठेवता येतो. त्या चोवीस तासांत पासपोर्टवरील नाव अक्षर-अक्षर ताडून पाहावे, व्हिसाच्या तारखा मुलांना फोन करून पुन्हा विचाराव्यात आणि व्हीलचेअरची नोंद त्याच वेळी करून टाकावी.