हिडकल आणि राकसकोपच्या काठानं सायकल टूर: या चुका टाळा

धरणाच्या काठानं बिनट्रॅफिकचा रस्ता शोधायचा तर बेळगावकरांना लांब जायची गरज नाही. पश्चिमेला गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी करत राकसकोप, आणि थोडं लांब जायची तयारी असेल तर घटप्रभेवरचं हिडकल, म्हणजे राजा लखमगौडा जलाशय, 51 टीएमसीचा. दोन्हीकडं सकाळी सहाला निघालात तर तासभर दुधाच्या गाड्या सोडून काही भेटत नाही. पण पहिल्यांदा जाणारे बरेचजण त्याच त्याच चुका करतात, मीही केल्यात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नकाशावर विसंबून राहणं. नकाशातला रस्ता आहे तिथंच असतो पण पाणी वर्षभर चढत उतरत असतं, मे-जूनला तळाशी आणि पाऊस बरा झाला तर ऑगस्टला काठोकाठ. सॅटेलाइटचा फोटो उन्हाळ्यात काढलेला असेल तर त्यात काठाला मस्त पायवाट दिसते, ती पावसाळ्यात पाण्याखाली. त्यात धरणाच्या आधीचे जुने रस्ते नकाशात अजून तसेच दिसतात. एका ऑगस्टमध्ये दड्डीच्या बाजूला मी अशाच एका रस्त्यानं उतारावर निघालो, डांबर चांगलं होतं, कडेला झाडं होती, आणि वळण घेतलं तर रस्ता सरळ पाण्यात शिरलेला. बॅकवॉटरला म्हशी चारणारी एक आजी लांबूनच ओरडली, "पोरा, पुढं वाट न्हाई बघ, पाणी चढलंय! श्रावण सपूस्तर हिकडनं कोण जात न्हाई." बॅगा लावलेली सायकल घेऊन तो चढ परत चढायला अर्धा तास गेला.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पाण्याची पातळी बघाच. पावसाळ्यात आपल्याकडच्या पेपरात रोज छापून येते. राकसकोप भरतं 2475 फुटाला, हिडकल 2175 फुटाला, हे दोन आकडे लक्षात ठेवा आणि आजचा आकडा त्याच्या किती खाली आहे ते बघा. भरायला आलं असेल तर काठाची वाट सोडून वरच्या गावागावांतल्या रस्त्यानंच जायचं. आणि मधल्या गावात थांबून विचारायचं, "पुढं वाट हाय काय?" पूर्वेच्या बाजूला गेलात तर कन्नडमध्ये, "मुंद दारी ऐतेन री?" एवढं आलं तरी माणसं हातातलं काम सोडून समजावून सांगतात. फक्त किती लांब ते विचारू नका, वाट आहे का आणि पाणी कुठंपर्यंत आलंय एवढंच विचारा.

उन्हाळ्यात उलटी चूक होते. पाणी उतरलं की काठाला भेगाळलेला, वाळलेला गाळ दिसतो, वरनं अगदी फरशी घातल्यासारखा. हिडकलला पाणी खाली गेलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर बाहेर येतं, ते बघायला लोक जातात, आणि सायकलवाल्यांना वाटतं आपण थेट पाण्यापर्यंत सायकल नेऊ. नेऊ नका. वरचा पापुद्रा दोन-चार बोटं जाड असतो आणि खाली लोण्यासारखा चिखल. चाक एकदा रुतलं की हबपर्यंत जातं, ओढायला उतरलात तर पाय गुडघ्यापर्यंत. जिथं गुरांच्या खुरांचे ताजे ठसे आहेत आणि ते खोल गेलेले नाहीत तेवढीच जमीन पक्की समजा, त्याच्या पुढं चालतसुद्धा जपून.

अंतराचा हिशोब पण बहुतेकांचा चुकतो. नकाशावर जलाशय गोल दिसतो, वाटतं चाळीस किलोमीटरचा फेरा असेल, दुपारच्या जेवणाला घरी. पण रस्ता काठाकाठानं जातच नाही, तो प्रत्येक ओढ्याला वळसा घालून एका गावावरनं दुसऱ्या गावाला चढतो आणि उतरतो. एकेक चढ लहानच असतो पण असे पंधरा-वीस झाले की पाय बोलायला लागतात. बॅगा लावून ताशी बारा-तेरा किलोमीटर धरा, त्यात थांबणं वेगळं. आणि चुकूनसुद्धा वेळ वाचवायला हायवे धरू नका, काकतीपासून वंटमुरी घाट, यमकनमर्डी, हत्तरगी हा पुणे-बेंगळुरू रस्ता सायकलवाल्यासाठी नाहीच.

"बिनट्रॅफिक" हा शब्द पण सीझन बघून वापरायचा. गळीत हंगाम सुरू झाला, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, की हुक्केरी-संकेश्वरच्या पट्ट्यातले हेच शांत रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांचे होतात. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर, आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. पहिली ट्रॉली गेली की रस्ता मोकळा समजून आत येतात तिथंच घात होतो, दुसरी ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला सरकते. समोरनं आला की सरळ खाली उतरून उभं राहा. रस्त्यावर पडलेलं पाचट दवानं भिजलं की साबणासारखं होतं, त्याच्यावर ब्रेक मारायचा नाही. हंगामात मी राकसकोपकडंच जातो, तिकडं भाताची शेती जास्त, ऊस कमी.

पण सुगीच्या वेळी वेगळी गोष्ट लागते, काड, म्हणजे पिकाच्या वाळक्या काड्या. शेतकरी मळणीसाठी नाचणा, हुलगा, सोयाबीन डांबरावर पसरतात, गाड्या त्याच्यावरनं जाव्यात म्हणून. मोटरसायकल जाते, सायकल अडकते. काडाची एक लांब शीर मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राच्या, छोट्या चाकात गेली, गुंडाळली, आणि मी पायडल मारतच राहिलो, तर टक् असा आवाज, हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी) तुटून डिरेलर स्पोकमध्ये. तेव्हा माझ्याकडं स्पेअर हँगर नव्हता. चेन टूल (चेनची कडी काढायचं अवजार) होतं म्हणून चेन छोटी करून एकाच गिअरवर घर गाठलं, चेन सरळ रेषेत बसेल असं मधलं चक्र निवडायचं आणि हळू मारायचं, चढाला उतरून ढकलायचं. आता हँगर आणि क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) कायम बॅगेत असतात, हँगर आपल्याच फ्रेमचा लागतो, दुसऱ्याचा बसत नाही. आणि काड दिसलं की उतरून सायकल उचलून पलीकडं नेतो. मळणी करणाऱ्यांना हाक मारून गेलं तर बरं, त्यांचं वर्षाचं धान्य असतं ते.

चिखलाचंही दोन तऱ्हेचं आहे. पश्चिमेला तांबडी माती, ती निसरडी पण निचरा लवकर होतो. तिचं दुखणं म्हणजे रिम ब्रेक, लाल रबडी पॅडमध्ये बसून रिम घासून काढते, उतारावर खर्रर्र आवाज आला की थांबून पाणी मारा. पूर्वेला काळी माती, एक सर आली की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये लाडू बनतो आणि चाक फिरायचं थांबतं. तिथं जोर लावू नका, गिअर मोडतो. काडीनं उकरा, सायकल खांद्यावर घ्या, नाहीतर तास-दोन तास थांबा, ऊन पडलं की वाट परत होते. कॅनॉलचे सर्व्हिस रोड पण त्याच मातीचे, सपाट आणि बिनगाडीचे, कोरड्यात यापेक्षा सुंदर काही नाही, पण गवतात खचलेल्या मोऱ्या लपलेल्या असतात, वेग कमीच ठेवा.

पंक्चरचं थोडक्यात. बाभळीचा काटा टायरमध्ये तुटून राहतो, ट्यूब बदलली तरी दहा मिनिटांत परत हवा जाते आणि लोक ट्यूबला शिव्या देतात. आतनं टायरवर कापडाचा बोळा फिरवा, जिथं अडकेल तिथं काटा. गावातल्या पंक्चरवाल्याकडं मोटरसायकलच्या व्हॉल्वचा पाइप असतो, तुमचा व्हॉल्व बारीक प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर न्या. आणि ट्रॅक्टरच्या कॉम्प्रेसरनं हवा भरताना त्याला हळू भरायला सांगा. पस्तीस एमएमच्या टायरला बॅगांसकट मागं 60, पुढं 50 पीएसआयच्या आसपास पुरे, खडीवर अजून कमी चालते.

पाणी काठाला दिसतंय म्हणून कमी नेणारेही बघितलेत. मार्चनंतर माणशी दोन लिटर तरी घ्या, गावात आरओ प्लांट असतो तिथं भरून घ्या, जलाशयाचं पिऊ नका. हॉटेलं आठच्या आधी उघडत नाहीत, उप्पीट मिळेल या भरवशावर पोट रिकामं ठेवून निघू नका.

धरणाच्या भिंतीवर सायकल घालायची विचारणा करण्यात वेळ घालवू नका, तिथं जायला बंदी असते, आणि वॉचमनशी हुज्जत घातली की पुढच्या सायकलवाल्याला तो काठाला पण उभं करत नाही. राकसकोपला तर पाण्यात उतरू नका, आणि परतताना चिखल लागलेली सायकल तिथं धुवू नका. मार्कंडेय नदीचं ते पाणी आपल्याच नळाला येतं. घरी आणा, चिखल वाळू दे, ब्रशनं झाडा, मग बादलीभर पाणी, चेन पुसून थेंब थेंब तेल, आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांत काड राहिलंय का ते बोटानं फिरवून बघा.