बर्फासाठी झुरणाऱ्या मुलांना घरीच हिमस्फटिक कसे दाखवावेत

न्यू जर्सीतल्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर "आज बर्फामुळे शाळेला सुट्टी आहे" असे सांगितले, की इकडे पुण्या-मुंबईतल्या मुलांचा जीव कासावीस होतो. अतिवृष्टीमुळे अवचित मिळणारी सुट्टी त्यांच्या ओळखीची असते. पण रात्रीतून पांढरे झालेले अंगण त्यांनी कधीच पाहिलेले नसते. मग "आपल्याकडे बर्फ का पडत नाही?" हा प्रश्न येतोच. अशा वेळी "आपल्याकडे थंडीच नाही" एवढ्यावर मुलाला गप्प करू नये, आणि कापूस किंवा थर्माकोलचा चुरा पसरून त्याची समजूतही काढू नये. मुलाला खरी गोष्ट हवी असते, आणि ती लहान प्रमाणात का होईना, स्वयंपाकघराच्या ओट्यावर दाखवता येते.

त्यासाठी पातळ पत्र्याचा एक रिकामा, कोरडा डबा घ्यावा. बर्फाचे खडे जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने बारीक ठेचावेत आणि तीन वाट्या बर्फाला एक वाटी खडेमीठ या प्रमाणात त्यांचे थर डब्यात भरून लाकडी चमच्याने ढवळावे. पॉट आइस्क्रीम करताना आपण हेच करतो: मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो, आणि मिश्रणाचे तापमान उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते. घरी एवढी मजल गाठली जात नाही, पण आपल्या कामाला पुरेल इतका गारवा नक्की मिळतो.

दमट हवेत डब्यावर आधी पाण्याचे थेंब जमतात आणि तेच गोठून काचेसारखा पापुद्रा धरतो. तो हिमस्फटिक नव्हे. म्हणून पहिली काही मिनिटे डबा बाहेरून कोरड्या फडक्याने पुसत राहावे. हिवाळ्यातली कोरडी सकाळ निवडली तर फारच उत्तम. मग हवेतली वाफ पाणी न होता थेट पत्र्यावर गोठू लागते आणि पांढरी लव उगवते. आमच्या घरी मुलीने डब्यामागे काळा कागद धरून भिंगातून पाहिले, तेव्हा तिला त्या लवेत पिसांसारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या, आणि ती धूसर होऊ नये म्हणून तिने श्वास रोखून धरला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे गवतावर दिसतात ते हिमकण याच जातीचे.

मीठ-बर्फाच्या मिश्रणात मुलांना बोट घालू देऊ नये आणि डब्याला जीभ लावू देऊ नये. या गारव्याने भाजल्यासारखी जखम होते.

आकाशातला हिमस्फटिकही असाच वाफेतून वाढतो, मात्र तरंगत असल्यामुळे सर्व बाजूंनी मोकळा वाढतो. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी रचनेत बसतात, म्हणून त्याला सहा हात फुटतात. जपानमधील होक्काइदो येथे भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, ही गोष्ट मुलांना फार आवडते. कागदाचे हिमस्फटिक कातरताना सहाच हात यावेत म्हणून गोल कागदाची आधी अर्धी, मग त्या अर्ध्याची तीन सारख्या भागांत घडी घालावी. सवयीने चौकोनी कागदाच्या घड्यांवर घड्या घातल्या तर आठ हातांचे फूल तयार होते, आणि आकाशातून तसे कधी पडत नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर द्यावे. वळिवाचे उंच ढग साडेपाच किलोमीटरच्याही वर चढतात. तिथे भर मे महिन्यातही तापमान शून्याखाली असते आणि बर्फाचे कण तयार होतात. खाली येताना ऊबदार हवेत ते वितळतात आणि आपल्या छत्रीवर पाऊस होऊन पडतात. मोठ्या गारा मात्र पुरत्या वितळण्याआधी जमिनीवर पोहोचतात. त्यातली एखादी टपोरी गार लगेच फ्रीजरमध्ये ठेवावी आणि नंतर कोमट सुरीने मोठ्या माणसाने मधोमध कापावी. कांद्यासारखे दुधी आणि पारदर्शक थर बहुधा दिसतात. गारा पडत असताना मुलांना छपराखालीच थांबवावे, आणि मारा थांबला की हातात वाटी देऊन लगेच अंगणात सोडावे, कारण तापलेल्या जमिनीवर गारा फार वेळ टिकत नाहीत.