टेबलावरच्या आरमारासाठी स्वस्तात जहाजं कशी जमवावीत

छोटी मॉडेल जहाजं मांडून टेबलावर नाविक लढाई खेळायची म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. परदेशी कंपनीच्या तयार ताफ्याची किंमत, वर टपालखर्च, त्यावर सीमाशुल्क, अशी बेरीज झाली की बरेच जण तिथंच थांबतात. आपल्याकडे खेळणी आणि स्केल मॉडेलं सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकात येतात. त्यावरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. म्हणून बाहेरून मागवणं अगदी शेवटी. थोडं विकत, थोडं छापून आणि थोडं हातानं करून मुंबईत बसल्या बसल्या देखणं आरमार उभं राहतं. फक्त पाकिटाला हात घालण्याआधी लढाई कोणती आणि माप कोणतं, हे ठरलेलं हवं.

लढाई आणि माप

बहुतेक जण आवडलेलं जहाज आधी घेतात आणि मग त्याला शत्रू शोधत बसतात. पैसे जातात ते इथे. त्यापेक्षा कमी जहाजांची एखादी खरी लढाई निवडा. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत दोन्ही बाजूंची मिळून अडीचशे जहाजं होती; तिथून सुरुवात करू नये. माझी पहिली शिफारस ४ डिसेंबर १९७१ च्या कराचीवरच्या हल्ल्याची. आपल्याकडून निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका, सोबत किल्तान आणि कच्छल या पाणबुडीविरोधी नौका. समोर विनाशिका खैबर, सुरुंगशोधक मुहाफिज आणि व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाज. आठ मॉडेलांत अख्खा खेळ उभा राहतो.

मापाचा हिशेब सोपा आहे. जहाजाची मीटरमधली लांबी गुणिले १००, भागिले स्केल (१/७०० असेल तर ७००). उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. जुनी विक्रांत २१३ मीटरची. १/७०० मध्ये ती तीस सेंटिमीटर भरते, १/१२०० मध्ये अठराच्या आत आणि १/३००० मध्ये जेमतेम सात. उलट, निपातसारखी नौका साडेअडतीस मीटरची, म्हणजे १/३००० मध्ये सव्वा सेंटिमीटर. टेबलापलीकडून ती ओळखूही येणार नाही. त्यामुळे मोठ्या युद्धनौकांच्या ताफ्याला १/३००० किंवा १/२४००, शिडाच्या जहाजांना १/१२०० आणि १९७१ सारख्या छोट्या नौकांच्या लढाईला १/७०० घ्यावं, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्या. जहाजाचं माप आणि टेबलावरच्या अंतराचं माप कधीच एक नसतं. निपातसारख्या नौकांवरच्या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर. १/७०० मध्ये तो ५७ मीटर होईल, म्हणजे दिवाणखाना सोडून थेट रस्त्यावर. अंतर खेळाच्या नियमांवर सोडा. हाताच्या अंतरावरून जहाज ओळखू आलं म्हणजे मॉडेलचं काम झालं. हे एकदा पटलं की कठडे, शिड्या, दोरखंड यांच्या बारकाव्यांवरचा खर्च आपोआप गळतो.

शोधायचं कुठे

क्रॉफर्ड मार्केट आणि शेजारच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर खेळण्यांचा घाऊक माल मिळतो. तिथल्या प्लास्टिकच्या बोटींना माप असं नसतंच, पण मालवाहू जहाज किंवा बंदरातला बुडालेला सांगाडा म्हणून त्या खपून जातात. त्या भागाचा खरा उपयोग कच्च्या मालासाठी: आईस्क्रीमच्या काड्या, पुठ्ठा, बारीक मणी, रंग.

चोर बाजारात फुटपट्टी घेऊन जा. पितळी आणि लाकडी जहाजं दिसतात छान, पण ती शोभेची. त्यांच्यावर पैसे घालवू नका. खेळण्यांच्या ढिगात जुनी, अर्धवट जोडलेली किट दिसली तर मात्र उचला, तुटक्या तोफा आणि डोलकाठ्याही कामाला येतात. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात.

नवीन किट घ्यायचंच असेल तर जपानी १/७०० वॉटरलाइन मालिका बघा. शिझुओकाच्या कंपन्यांनी ती १९७१ मध्ये सुरू केली. यातली जहाजं पाण्याच्या रेषेवर सपाट कापलेली असतात, त्यामुळे टेबलावर नीट बसतात. मोठ्या युद्धनौकेपेक्षा विनाशिकांची जुन्या साच्यांतली किट खूप स्वस्त पडतात.

छापून घेणं

१/१२०० आणि त्याहून लहान जहाजांसाठी थ्रीडी प्रिंटिंगइतका परवडणारा मार्ग दुसरा नाही. शहरात छापून देणारे बरेच आहेत, घरचा प्रिंटर लागत नाही. लहान जहाजांना रेझिनच सांगा, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणारं द्रव प्लास्टिक. प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या प्रिंटरवर थरांच्या रेषा दिसतात आणि तोफा गळून पडतात. फाइल निवडताना ती खेळासाठी केलेली आहे का ते बघा. अशा फाइलींत तोफांच्या नळ्या मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात. शोकेससाठी केलेली फाइल लहान करून छापली, तर नळ्या केसासारख्या होतात आणि पहिल्याच खेळात मोडतात. एकेक जहाज छापू नका, पूर्ण ताफा एकाच प्लेटवर बसवून दर विचारा. धुऊन, अतिनील प्रकाशात पक्कं करून देणार का, हेही आधीच विचारून घ्या. कच्चं रेझिन उघड्या हातानं हाताळायचं नसतं. आणि फुकट मिळालेली फाइल बहुधा स्वतःच्या वापरापुरती असते, विक्रीसाठी नाही. ती करणाऱ्याच्या कष्टाचा मान ठेवा.

हातानं करणं

मला सगळ्यात जास्त आनंद यात आहे. १/७०० मध्ये निपात साडेपाच सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटरहून किंचित रुंद येते. साधी आईस्क्रीमची काडी साधारण एक सेंटिमीटर रुंद असते! एका काडीचे साडेपाच सेंटिमीटरचे दोन तुकडे करा, एकावर एक फेविकॉलनं चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा. पुढचं टोक ब्लेडनं निमुळतं करून पॉलिशपेपरनं घासा, मागची बाजू सरळच ठेवा. मधोमध केबिनचा ठोकळा. दोन्ही कडांना पुढेमागे दोन-दोन क्षेपणास्त्रपेट्या: काडीचीच तीन मिलिमीटर रुंद, नऊ मिलिमीटर लांब चिरलेली पट्टी, तोंड पुढे आणि किंचित वर. पुढे-मागे तोफांसाठी एकेक बारीक मणी, केबिनमागे टाचणीची डोलकाठी. चार काड्यांत तीन नौका, आणि कुणीही बघताक्षणी ओळखावं असा तो चार पेट्यांचा आकार.

मराठा आरमाराची जहाजं बाजारात सहजी मिळत नाहीत, ती अशीच करावी लागतात. थळच्या समोरचं खांदेरी बेट आणि १६७९ ची लढाई हा आपल्या दारातला विषय आहे. त्या ऑक्टोबरात मराठ्यांनी इंग्रजांचं डव्ह नावाचं गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, पकडलं होतं. गुराब करताना मध्ये रुंद, टोकाकडे निमुळता सांगाडा आणि लांब पुढे आलेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, साधा. तोफा त्या नाळेवरून पुढे मारा करत. डोलकाठ्या दोन, मोठ्या गुराबाला तीन. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, पुढच्या मोठ्या डोलकाठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी डोलकाठीला उत्तम. शिडाला जुन्या लग्नपत्रिकेच्या आतला पातळ कागद, ताणलेल्या दोरांना बारीक तंगूस.

रंग पावसाळ्यात लावणार असाल तर दमट दिवशी स्प्रेचं व्हार्निश मारू नका, ते पांढरं धरतं. ब्रशनं लावा किंवा उघडीप मिळेपर्यंत थांबा. आधुनिक जहाजांना राखाडी थर, त्यावर पातळ काळ्या रंगाचा हात, सुकल्यावर कडांवर कोरड्या ब्रशनं फिकट राखाडी, एवढं पुरतं. तळाला पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर फेविकॉलमध्ये भिजवून चुरगळलेला टिश्यू पेपर चिकटवा, म्हणजे लाटा उठतात. त्यांना गडद निळ्यापेक्षा हिरवट राखाडी रंग द्या. वरळीहून दिसणारा समुद्र तसाच असतो.

चकतीखाली चुंबकाचा पातळ तुकडा चिकटवून जहाजं मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. डब्याला चुंबक धरतो ना, हे आधी तपासा. मग लोकलच्या गर्दीतून मित्राकडे खेळायला नेतानाही डोलकाठ्या शाबूत राहतात.