पोलीस ठाण्यातून नियमाचं नेमकं उत्तर कसं मिळवायचं

सोसायटीच्या आवारात स्पीकर लावायचा असतो. ठाण्यात एक जण सांगतो, ‘लावा, आवाज कमी ठेवा’; दुसरा म्हणतो, ‘परवानगी आणा’. यात नवल नाही. ठाणे अंमलदार बसलेला असतो तक्रारी नोंदवायला, कायद्याचा सल्ला द्यायला नाही. शिवाय ‘हो’ म्हटल्यावर काही झालं तर ते त्याच्याच अंगावर येतं, ‘नाही’ म्हटल्याने काही बिघडत नाही.

म्हणून ‘चालेल का?’ असं विचारूच नका. विचारा: ‘मनाई कोणत्या कलमाखाली आहे, आदेशाचा क्रमांक आणि तारीख काय, मुदत कधीपर्यंत?’

मुदतीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37(3) खालची जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपुढे चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा (जुनं 144) आदेश एरवी दोन महिन्यांत संपतो. संपलेला आदेश तोंडी मात्र चालूच राहतो, घोळ होतो तो इथेच. हे आदेश पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त काढतात, इतरत्र जिल्हादंडाधिकारी. प्रत तिथेच मागायची.

स्पीकरचा मूळ नियम देशभर एकच: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते.

आता परवानगीचा अर्ज. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, एका पानात: जागा, तारीख, वेळ, स्पीकर किती. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. परवानगीचं काम बहुतेक ठाण्यांत गोपनीय शाखेकडे असतं, थेट तिथेच चौकशी केलेली बरी.

उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘परवानगी का लागते?’ असं लिहिलंत तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ म्हणून अर्ज परत येतो. असं लिहा: ‘आपल्या हद्दीत आज लागू असलेल्या ध्वनिक्षेपकविषयक सर्व आदेशांच्या व परिपत्रकांच्या प्रती द्याव्यात.’ मुदत 30 दिवस. नंतरच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचा स्टँप. पुढच्या आठवड्यातल्या लग्नाला याचा उपयोग नाही, हे धरूनच चाला.

कार्यक्रमाच्या दिवशी परवानगीची आणि आदेशाची प्रत हाताशी ठेवा. तरीही बंद करायला सांगितलं तर बंद करा. जागेवर हुज्जत घातली की सरकारी कामात अडथळा आणल्याचा ठपका येऊ शकतो, आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून घ्या, दुसऱ्या दिवशी सहायक पोलीस आयुक्तांकडे किंवा उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे प्रतींसह लेखी तक्रार द्या.