बाईकचं इंजिन टकटक करतं (नॉकिंग) अन् गाडी बंद पडते? आधी घरी हे बघा
चढावर टॉप गियरला टकटक येत असेल तर आधी एक गियर खाली टाकून बघा, आवाज गेला तर इंजिनावर नुसता लोड येत होता. तरी राहिला तर मेन स्टँडवर ऑइल चेक करा आणि इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लग काढा (गरम असताना काढला तर आटे जातात), टोक तपकिरी म्हणजे ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त नाहीतर एअर फिल्टर चोंदलाय, पांढरंफटक म्हणजे मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग बहुतेक त्यानेच. थोडं चालून बंद पडते? टाकीचं झाकण उघडा, सुस्स आवाज येऊन गाडी परत चालू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. मी उगाच दोनदा कार्बोरेटर साफ करून घेतला होता, राव!