चाळिशीनंतर सुरू झालेली अ‍ॅलर्जी: माझा अनुभव

लहानपणी मला कधी साधी धुळीचीही अ‍ॅलर्जी नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर मात्र सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, नाक चोंदलेलं आणि रात्री छातीत बारीक शिट्टी. अ‍ॅलर्जी कोणत्याही वयात सुरू होऊ शकते, हे मला तेव्हाच कळलं.

उलगडा झाला तो तपासण्यांमुळे. स्किन प्रिक टेस्टमध्ये (त्वचेवर संशयित पदार्थाचा थेंब टाकून हलकंसं टोचून बघतात, त्या चाचणीत) धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, म्हणजे डस्ट माइट्सची, अ‍ॅलर्जी निघाली. (या टेस्टआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, डॉक्टरांना आधीच विचारा.) स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोरात फुंकून श्वास मोजायच्या तपासणीत, श्वासनलिका आकसत असल्याचं दिसलं. इनहेलरचं औषध घेऊन पुन्हा फुंकल्यावर आकडे सुधारले, म्हणून दम्याचं निदान पक्कं झालं.

सर्वांत जास्त फरक अंथरुणामुळे पडला. हे किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमट हवा मानवते. त्यामुळे गादी-उशीला घट्ट विणीची अ‍ॅलर्जी-रोधक कव्हरं घातली, चादरी दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवायला लागलो, खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली ठेवली आणि गालिचा काढून टाकला.

नाकातला स्टेरॉइड स्प्रे लगेच गुण देत नाही, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागू शकतात. तोवर सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्टेरॉइड इनहेलरनंतर चूळ भरायलाच हवी, नाहीतर तोंडात बुरशी येऊ शकते.

आता रात्री सलग झोप लागते. इनहेलर मात्र चालू आहे, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी तो थांबवणार नाही.